रायपुरात पकड मना आहे

रायपूरला जाऊन आले म्हटलं की मिरजेतली माणसं आधी विचारतात, तिथे बघण्यासारखं काय आहे? मी सांगते, मोठं तळं आहे, जुनी देवळं आहेत, नव्या राजधानीचे ऐसपैस रस्ते आहेत आणि माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान विनायकराव आहेत. मग ते विचारतात, गेलात कशाला? देवदर्शन की लग्नकार्य? मी खरं ते सांगते, मारामारी शिकवायला गेले होते. यावर बहुतेक लोक विषय बदलतात.

बसस्टँडसमोर आमचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, हे जुन्या मिरजकरांना आठवत असेल. आज त्याच गाळ्यात मी मोबाइलची कव्हरं विकते. पण तेव्हा दुपारची गिऱ्हाइकं नसली की मी स्वतःच यंत्रापुढे बसायची, आणि कॉलेजची पोरं आली की त्यांच्याशी खेळायची. ती मला काकी म्हणायची आणि काकीचा मार खाऊन घरी जायची. पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांना बडवतात, तसले ते खेळ. त्यात करायच्या गोष्टी मुळात तीनच. मारायचं, समोरच्याचा मार अडवायचा, नाहीतर त्याला धरून आपटायचं. मारणाऱ्याला अडवता येतं. पण जो नुसता अडवत बसलाय त्याला धरून आपटता येतं, कारण पकड अडवली जात नाही. आणि धरायला आलेल्याचे हात पुढे पसरलेले असतात, तेव्हा त्याला खुशाल मारता येतं. एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं, असं मी तेव्हा पोरांना सांगायची. त्यांना कळायचं नाही, ही गोष्ट वेगळी.

तर एके दिवशी दुकानात प्राचीचा फोन आला. प्राची म्हणजे माझी भाची, विनायकरावांची एकुलती एक लेक. नवा रायपूरला एका सरकारी कचेरीत नकाशे बनवते. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते. "मावशी, मुझे जीतना सिखा दो ना," ती म्हणाली, "नहीं तो सब बंद हो जाएगा." आवाज रडवेला होता. मी शेजारच्या दुकानदाराला किल्ली दिली आणि तिकीट काढलं.

पुरानी बस्ती

गोंदियाला गाडी बदलून रायपूरला उतरले तेव्हा विनायकराव फलाटावर उभे होते. जन्मभर रेल्वेत नोकरी केलेला माणूस. पाहुण्याच्या आधी गाडीची विचारपूस करतो.

"दुर्गले किती वेळ उभी केली गाडी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मला झोप लागली होती. हे उत्तर त्यांना फारसं आवडलं नाही. माझी बॅग उचलून ते चालायला लागले.

घराणं मूळचं वर्ध्याकडचं. आजोबा रेल्वेत लागून इकडे आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर विनायकरावांनी पुरानी बस्तीत घर घेतलं. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरात फोडणी पडली की शिंक आपल्याला येते. दर वळणावर एक देऊळ, आणि प्रत्येक देवळापाशी विनायकरावांचा एक ओळखीचा. माझी बहीण सुमन मिरजेची, पण इतक्या वर्षांत तिची भाषाही पार बदलली आहे. दारातच मला म्हणाली, "ये नं वं ताई, काहून इतकी वाळली तू?" मी मुळीच वाळलेली नाही. हा मला खाऊ घालायच्या पुढच्या कार्यक्रमाचा पाया होता.

सकाळी इथे पोहे आणि जिलेबी एकत्र खातात. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं घालतात, फार तर शेव. इथे तिखट पोह्यांचा घास घ्यायचा आणि त्यावर गरम जिलेबीचा तुकडा मोडायचा. पहिल्या घासाला मी नाक मुरडलं आणि नंतर दुसऱ्यांदा मागून घेतलं. विनायकराव मात्र नुसते पोहे खात होते. सुमनने सांगितलं, कुठल्याशा लग्नात जिलेबी नरम निघाली म्हणून ते आचाऱ्यावर चिडले आणि "आता जिंदगीत जिलेबी खाणार नाही" असं सगळ्यांसमोर बोलून बसले. राग तासाभरात गेला. पण बोललेला शब्द कसा मोडायचा? तेव्हापासून जिलेबीची बशी समोरून गेली की त्यांची मान तिच्याबरोबर फिरते, हात मात्र जागचा हलत नाही.

प्राचीची भानगड याच घरातल्या याच रोगाची होती. रायपुरातली हौशी मंडळी वर्षातून एकदा मारामारीच्या खेळाची स्पर्धा भरवतात. प्राची दरवर्षी जाते आणि दरवर्षी पहिल्याच सामन्यात हरून येते. गेल्या वेळी घरी आल्यावर विनायकराव म्हणाले, सत्तावीस वर्षांची पोट्टी सुट्टीच्या दिवशी टीव्हीत मारामाऱ्या करते आणि त्यातही मार खाऊन येते, हे काही बरोबर नाही. प्राचीला राग आला. "अगली बार पहले मैच में हारी तो बंद! हमेशा के लिए बंद!" असं ती ताटावरून उठून म्हणाली. विनायकरावांनी फक्त "हव" म्हटलं. हव म्हणजे होय. इथल्या मराठी घरांतही हा शब्द मुरलाय, आणि या घरात तो एकदा म्हटला की सहीशिक्का झाला.

स्पर्धा पुढच्याच रविवारी होती. मी पोरीकडे पाहिलं. कचेरीत दिवसभर मान मोडून काम करणारी, कुणाला दुखवायचं नाही म्हणून जपून बोलणारी मुलगी. हा खेळ तिचा एकटीचा असा एकच आनंद होता आणि तो रागाच्या एका वाक्यात जायला बसला होता. मला वाईट वाटलं, आणि राग दोघांचाही आला.

"बस बघू समोर," मी म्हटलं.

आम्ही खेळायला बसलो. विनायकराव कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले, म्हणजे आपला या प्रकाराशी काही संबंध नाही हे दिसावं. प्राची अडवायला इतकी पक्की, की माझी एक लाथ तिच्या अंगाला लागेल तर शपथ. वरून मारा, खालून मारा, पोरगी हात आडवे धरून तयार. मी दोन वेळा मारल्यासारखं केलं, ती अडवून बसली, मी एक पाऊल पुढे गेले आणि तिला उचलून आपटलं. परत तसंच. तिसऱ्यांदा आपटल्यावर प्राची ओरडली.

"मावशी! ये तो चीटिंग है!"

"कुणी सांगितलं?"

"हमारे ग्रुप में पकड़ना मना है."

आता मला कळलं. तेलीबांध्याला प्राचीच्या मित्रमंडळींचा एक अड्डा आहे. सगळे नोकरदार, सभ्य, संसारी. त्यांनी आपसांत नियम करून टाकला की धरायचं नाही, धरणं म्हणजे रडीचा डाव. वर्षानुवर्षं असं सोवळ्यातलं खेळून सगळेच्या सगळे अडवण्यात पटाईत झाले. आणि मग स्पर्धेत जायचे, तिथे असला काही नियम नाही, बाहेरचे येऊन यांना एकेकाला उचलून आपटायचे. ही मंडळी हरून परत यायची आणि "पण आपण साफ खेळलो" असं एकमेकांना सांगत चहा प्यायची.

सुमनचं स्वयंपाकघर

पकड कधी घालायची हे शब्दांत सांगणं अवघड. मी प्राचीला सांगून पाहिलं, हाताच्या अंतरावर गेल्याशिवाय धरायचं नाही, लांबून धरायला गेलं तर हात हवेत राहतात आणि समोरचा आपल्याला झोडतो. समोरचा अडवून बसला आणि पुढच्या फटक्याची वाट बघायला लागला की तीच वेळ. ती मान हलवायची आणि चुकायची. एकतर घाईने लांबूनच धरायला जायची, नाहीतर विचार करत उभी राहायची आणि वेळ निघून जायची.

शेवटी तिला कळलं ते जेवताना. सुमनने त्या दुपारी लाल भाजी, पातोडीचा रस्सा आणि भात केला होता. माझं पोट भरलं होतं. वाढायला ती आली तशी मी ताटावर हात आडवा धरला. सुमनने जबरदस्ती केली नाही. भाताचा डाव हातात धरून तशीच उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ताई, आपल्या त्या शिंदेबाईच्या गुडघ्याचं काय झालं वं?"

मी सांगायला हात उचलला. भात ताटात पडला.

"दिसलं का?" मी प्राचीला म्हटलं. "मी अडवून बसले होते. हिने माझ्या हाताशी झटापट केली नाही. जवळ आली, थांबली, माझं लक्ष दुसरीकडे गेलं त्या क्षणी काम उरकलं. तुझी आई पकडीतली उस्ताद आहे. तू बाहेर कुठे शिकायला निघालीस?"

प्राची घास हातात धरून आईकडे बघतच राहिली. सुमनला काय चाललंय ते कळलं नाही, पण कौतुक चाललंय एवढं कळलं, म्हणून तिने आणखी एक डाव वाढला. या वेळी मी विनायकरावांकडे बघत होते. ते वर्तमानपत्रामागून बघत होते, आणि ते पान सकाळपासून तेच होतं.

त्या संध्याकाळपासून प्राची धरायला लागली. कोपऱ्यात रेटलेल्या माणसाला मागे जाता येत नाही, तिथे धरावं. उडी मारून खाली येणाऱ्याचे पाय टेकतात त्या क्षणी धरावं. पडून उठणाऱ्याला वाटतं की आता लाथ येणार, तेव्हा धरावं. आणि आपल्याला कुणी धरलं तर हात लागल्या लागल्या आपणही पकडीचं बटण दाबावं, म्हणजे सुटका होते. हे सगळं तिला पटापट जमलं. एकच खोड जाईना. समोरच्याला आपटलं की ती बटणावरचा हात काढून माझ्या दंडाला लावायची आणि कपाळाला न्यायची. कुणाला पाय लागला की आपण करतो तसं.

"हे काय?"

"सॉरी मावशी. आदत है."

तेवढ्यात माझा योद्धा उठायचा आणि तिला बदडायचा. पडद्यावरच्या माणसाला आपटल्याबद्दल शेजारच्या माणसाची माफी मागणारी पोरगी मी मिरजेच्या सगळ्या वर्षांत पाहिली नव्हती. ही खोड मोडायला मला तिच्या हातावर चापट्या माराव्या लागल्या.

बीरगांव

प्राचीला पहिल्या सामन्यात हरवणारा माणूस दर वेळी एकच होता. बीरगांवचा साहू. जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीवर काम करतो, आडवातिडवा, मोठ्याने हसणारा आणि स्वतःच्या खेळाची तारीफ स्वतःच करणारा. या वेळी चिठ्ठ्या काढल्या तेव्हा पहिल्या सामन्याला पुन्हा तोच आला. प्राचीचं तोंड उतरलं. मी म्हटलं, उद्याच त्याच्याकडे जाऊ.

"दुश्मन के घर?" ती म्हणाली.

"मग काय शत्रूला पत्र लिहून विचारायचं?"

बीरगांव म्हणजे रायपूरच्या अंगाला चिकटलेलं कारखान्यांचं गाव. रस्त्याच्या कडेची झाडं काळसर, वाळत घातलेले कपडे काळसर, आणि त्या सगळ्यात साहूच्या दारापुढची रांगोळी मात्र पांढरी स्वच्छ. आम्ही कशाला आलो हे ऐकल्यावर त्याने हाकलून द्यावं की नाही? उलट तो खूश झाला. बायकोला हाक मारून त्याने ठेठरी आणि खुरमी आणायला सांगितली. ठेठरी म्हणजे बेसनाची कुरकुरीत वळी, खुरमी म्हणजे गुळाची गोड शंकरपाळीच, फक्त जरा तालीम केलेली. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात आणि कामाचं विचारतात. इथे खाणं संपेपर्यंत कामाचा विषय काढू देत नाहीत.

"दीदी, आप भी खेलते हो?" त्याने मला विचारलं आणि हसला.

पहिल्या डावात त्याने मला धुतलं. दुसऱ्यात मी त्याला दोनदा धरून आपटलं. तो हसायचा थांबला. तिसऱ्या डावात मी नुसती त्याच्या जवळ गेले, काहीच केलं नाही, आणि तो मी धरणार म्हणून घाबरून वर उडाला. उडालेल्याला धरता येत नाही हे त्याला माहीत होतं. पण उडालेल्याला खालून मारता येतं. मी मारलं.

"अरे वा दीदी!" साहू मांडीवर हात आपटून म्हणाला. "कहाँ से सीखे हो?"

"बसस्टँडवर," मी म्हटलं, आणि त्याला ते फार पटलं.

 येताना रिक्षात प्राची म्हणाली, "मावशी, वो कूदने से पहले न, उसका कंधा ऊपर आता है. दायाँ वाला." माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. मी पडद्याकडे बघत होते, ती माणसाकडे बघत होती. नकाशे बनवणारी डोळस पोरगी. मी तिला सांगितलं, आता तुझी शिकवणी संपली. त्याला धाक घाल की तू धरणार, खांदा वर आला की धरू नकोस, वाट बघ, आणि वर उडाला की मार. मला त्या रिक्षात तिचा फार अभिमान वाटला, आणि तो मी बोलूनही दाखवला. ती लाजून बाहेर बघायला लागली.

तेलीबांधा

स्पर्धा तेलीबांध्याच्या तळ्याजवळच्या एका हॉलमध्ये होती. दुपारच्या उन्हात तळं चकाकत होतं आणि काठावर फिरायला आलेल्या माणसांपेक्षा फोटो काढून घेणारी माणसं जास्त होती. विनायकरावांनी आम्हाला गाडीने सोडलं, पण आत यायला साफ नकार दिला.

"मी येत नाही. मले काय समजते त्यातलं?" ते म्हणाले आणि झाडाखालच्या बाकावर जाऊन बसले. सुमन देवाचं नाव पुटपुटत आत आली.

आत प्राचीच्या अड्ड्यावरची मंडळी रांगेने बसली होती. त्यांचे म्होरके देवांगन, बँकेत काम करतात, इस्त्रीच्या शर्टात आले होते. मी पकड शिकवल्याचं त्यांना समजलं होतं.

"आंटीजी, जीत-हार तो होती रहती है," ते मला म्हणाले, "पर खेल साफ होना चाहिए."

"साफच आहे," मी म्हटलं. "आपटायच्या आधी हात धुतलेत तिने."

सामना सुरू झाला. तीन डावांतले दोन जिंकायचे. पहिल्या डावात प्राची घाबरून नुसती अडवत बसली. साहूने तिला तीनदा उचलून आपटलं आणि अड्ड्यावरच्या मंडळींनी सवयीने सुस्कारा टाकला. दुसऱ्या डावात ती अडवून बसली, बसली, आणि साहू उडी मारून जवळ आला, त्याचे पाय टेकले तसं तिने त्याला धरलं. धरून आपटलं. देवांगनांनी डोळे मिटून घेतले. प्राचीचा हात माफी मागायला उठला, मी मागून खाकरले, हात खाली गेला. मग तिने त्याला परत धरलं. सगळा हॉल ओरडायला लागला, साहूसुद्धा "बने, बने!" म्हणजे छान, छान म्हणून हसत होता. तो डाव प्राचीने घेतला. देवांगनांनी डोळे उघडले आणि मला हळूच विचारलं, "ये सिखाने में कितना टाइम लगता है?"

तिसरा डाव. दोघांमध्येही आता एका फटक्यापुरता जीव उरलेला. साहू कोपऱ्यात रेटला गेलेला, हात आडवे धरून बसलेला. प्राची त्याच्यापुढे हाताच्या अंतरावर. तिने अर्धं पाऊल पुढे टाकलं, अर्धं मागे घेतलं. सुमनने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आणि तेवढ्यात आमच्या मागून, दारातून, फलाटावर गाडी सुटताना ओरडतात तसल्या आवाजात कुणीतरी ओरडलं.

"पकड! पकड नं पोट्टे, पकड त्याले!"

विनायकराव होते. ऊन लागतं म्हणून सावलीला आत आले होते म्हणे.

प्राचीने पकडलं. पण हिंदीत आणि मराठीत पकड म्हणजे पकडच, साहूनेही ऐकलं होतं. तो आधीच वर उडाला होता. प्राचीचे हात हवेत राहिले आणि वरून त्याची लाथ आली. सामना संपला.

साहू उठला, प्राचीशी हात मिळवला, "बहुत बढ़िया खेली बहन" म्हणाला. मग विनायकरावांपाशी येऊन त्याने वाकून नमस्कार केला. "अंकलजी, धन्यवाद," तो म्हणाला. "अगले साल भी ज़रूर आना." हॉलमधले सगळे हसले. विनायकराव हसले नाहीत.

आम्ही चौघं तळ्याकाठी आलो. पाणीपुरीला इकडे गुपचुप म्हणतात. सुमनने सगळ्यांच्या हातात द्रोण दिले आणि कुणीही खाल्लं नाही. मला विनायकरावांना चार शब्द सुनवायचे होते, पण त्यांच्याकडे बघून सुनवता आले नाहीत. प्राची पाण्याकडे बघत होती. हरल्याचं दुःख तिच्या तोंडावर होतंच, पण रडणं कुठे नव्हतं, आणि त्याने मला जास्तच कसंतरी झालं.

विनायकरावांनी घसा साफ केला.

"त्याचा खांदा वर आला होता," ते म्हणाले. "उडी मारन तो, हे तुले दिसलं नाही काय?"

बीरगांवहून घरी आल्यावर प्राचीने हे सुमनला सांगितलं होतं, म्हणजे वर्तमानपत्रामागून त्यांनी तेही ऐकलं होतं.

"दिखा था, बाबा," प्राची म्हणाली.

"दिसलं होतं? मंग काहून पकडलं?"

प्राचीने त्यांच्याकडे पाहिलं. तक्रार नाही, काही नाही, साधं सांगितलं. "आपने बोला ना."

विनायकराव द्रोणातल्या पाण्याकडे बघत बसले. सुमनने पदर डोळ्यांना लावला. मीही दुसरीकडे बघितलं, कारण मला बघवेना. सत्तावीस वर्षांची, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली मुलगी, समोरचं सगळं दिसत असताना, बापाचा आवाज आला म्हणून हरली होती.

"चलो," प्राची उठत म्हणाली. "घर जाकर सब पैक कर देती हूँ. बात तो बात है."

"बस खाली," विनायकराव म्हणाले.

ती बसली.

"काय ठरलं होतं आपलं? जो हारन त्याचं बंद. होय का नाही?"

"हव, बाबा."

"तं मंग तू कुठं हारली? तुले दिसून राहिलं होतं सगळं. हारलो मी." त्यांचा आवाज जरा फाटला, पण ते थांबले नाहीत. "मंग बंद होईन ते माहं होईन. आजपासून तुह्या खेळात माहं तोंड बंद. एक शब्द नाही. तुले खेळाचं तं खेळ, पकडाचं तं पकड."

"ते बोलले वं ताई," सुमन मला म्हणाली, जणू मी शेजारी नव्हतेच. "आता शब्द मोडणार नाहीत."

 प्राचीने बाबांच्या हातातला द्रोण घेतला, त्यातली एक गुपचुप उचलून त्यांच्या तोंडापुढे धरली, आणि त्यांनी मुकाट्याने आ केला. तोंड भरलेलं असल्याने पुढे कुणालाच काही बोलावं लागलं नाही.

मिरजेला येऊन आता बरेच दिवस झाले. सुमनचा फोन येत असतो. तेलीबांध्याच्या अड्ड्यावर पकड चालू झाली आहे, आणि देवांगन सगळ्यांना आपटतात, पण आपटल्यावर मान लववून माफी मागतात, आणि तेवढ्यात मार खातात. प्राची खेळते आहे, पुढच्या स्पर्धेत नाव दिलं आहे. विनायकरावांनी शब्द पाळलाय. सुट्टीच्या दिवशी ती खेळायला बसली की तेही येऊन बसतात, आता वर्तमानपत्रसुद्धा नसतं. तोंडातून एक अक्षर निघत नाही. फक्त कोपऱ्यात कुणी अडवून बसलं आणि धरायची वेळ आली, की शेजारी बसलेल्या सुमनचं मनगट ते गच्च धरतात, आणि डाव संपेपर्यंत सोडत नाहीत.